पहिल्या टाकीतलं तेल

मेश्रामकाका नव्या माणसाला नाव-गाव विचारत नसत. म्युनिकच्या आसपास कुठल्या मराठी घरी जेवण असो, दिवाळीचा फराळ असो की बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम, नवा चेहरा दिसला की ते आपली ताटली घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. दोन घास खायचे. आणि मग घरच्यांची खुशाली विचारावी तशा आवाजात विचारायचे, "मला एक सांगा. टू-स्ट्रोकचं नवंकोरं इंजिन आहे. पहिली टाकी भरायची आहे. पेट्रोलमध्ये वरून तेल घालाल, का नाही घालणार?"

समोरचा बावचळायचा. वाल्डॉर्फहून पाहुणा आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्याला वाटलं, मुलाखतीत विचारतात तसलं हे काहीतरी कोडं असणार. त्याने गुलाबजाम संपेपर्यंत विचार केला आणि "गाडी विकून टाकीन" असं उत्तर दिलं. नुकतंच लग्न होऊन आलेल्या कोल्हापूरच्या एका मुलीने घाबरत विचारलं, "कुठलं तेल, काका? शेंगदाण्याचं?" सगळे हसले. काका हसले नाहीत. "हिने निदान कुठलं तेल ते तरी विचारलं," ते म्हणाले. "इथे एवढे इंजिनियर बसलेत. एकाने विचारलं का?"

माझी नि त्यांची गाठ आमच्या इमारतीच्या तळघरात पडली. मी तेव्हा उंटरश्लाइसहाइममध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून नुकतीच आले होते. तळघरात कपडे धुण्याची खोली होती, आणि तिथे कोणी कुठल्या दिवशी कपडे धुवायचे याचा तक्ता भिंतीवर लावलेला होता. तो तक्ता मला वाचता येत नव्हता. माझ्या कपड्यांची बादली घेऊन मी उभी, आणि मागून मराठीत आवाज आला, "आज मंगळवार. आज तिसऱ्या मजल्याचा नंबर, म्हणजे आमचा. पण तू धू." मग लगेच तो प्रश्न.

मी म्हटलं, "मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?"

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे तूही आमच्या वर्कशॉपमधल्या झेपच्या पक्षाची," ते म्हणाले, आणि तरीसुद्धा माझी बादली उचलून मशीनपर्यंत नेऊन दिली.

प्रश्न समजायला सोपा आहे. आपल्याकडे जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर पंपावरच तेल ओतून घ्यायचे आणि मग मागून येणारा माणूस धुरात दिसेनासा व्हायचा, ते टू-स्ट्रोक इंजिन. पुढे अशा गाड्यांना तेलाची वेगळी टाकी आली. एक छोटासा पंप लागेल तेवढं तेल इंजिनाला आपोआप पोचवू लागला. काकांच्या वर्कशॉपमध्ये ज्या गाड्या येत त्या बर्फावर चालणाऱ्या, स्नोमोबिल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये मोटारसायकलसारखी बैठक. जर्मनीत ही गाडी हौस म्हणून कोणालाही पिटाळता येत नाही. स्की-लिफ्टवाले, बर्फात अडकलेल्यांना खाली आणणारी पथकं आणि उंच डोंगरावर गिर्यारोहकांना गरम सूप आणि झोपायला फळी देणारे ह्युटेवाले, अशांनाच ती मिळते. नवी गाडी गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिचं इंजिन हळूहळू, न दमवता चालवायचं, म्हणजे ज्याला आपण रनिंग-इन म्हणतो ते करायचं, हे काकांचं काम.

तर वाद असा, की पंप तेल देतोय म्हटल्यावर पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही तेल मिसळावं की नाही? काका म्हणायचे, मिसळायचंच. पिस्टन नवा, सिलिंडर नवा. पंपाचं तेल पोचायला एवढासा उशीर झाला तर कोण जबाबदार? "इंजिन बोलत नाही, बापा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ते एकदाच बोलते. आणि मग कधीच बोलत नाही."

काका मूळचे नागपूरचे. डिप्लोमा करून स्कूटरच्या कारखान्यात लागले आणि ऐंशीच्या दशकात जर्मनीत आले. बोलताना ते तुमच्या-आमच्यासारखे बोलत, पण तेलाचा विषय निघाला की पुण्या-मुंबईचं मराठी मागे पडायचं आणि नागपूर नि बायर्न, म्हणजे म्युनिकचा बव्हेरिया प्रांत, एकत्र वर यायचे. "आल्झो बापा, काहून नाही घालायचं?" असं वाक्य मी जगात फक्त त्यांच्या तोंडून ऐकलं आहे.

घरात सुनंदाकाकू. जितका काकांचा आवाज चढा, तितका काकूंचा खालचा. त्यांच्या स्वयंपाकघरात मापाची दोन चंचुपात्रं होती, अगदी एकसारखी. एकात त्या ताक मोजायच्या. दुसऱ्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. "ते ह्यांचं," काकू सांगायच्या. "पेट्रोल पन्नास भाग, तेल एक. लग्नानंतर मला जर्मन यायच्या आधी हे प्रमाण आलं."

एक सांगायला हवं. काकांच्या या वेडाला लोक फार लवकर अर्थ चिकटवायचे. आमच्याकडे एका लग्नाच्या रिसेप्शनला कोणीतरी त्यांच्या हातात माईक देऊन म्हणालं, "काका, संसाराच्या पहिल्या टाकीबद्दल दोन शब्द बोला." काकांनी माईक तपासला, परत दिला आणि म्हणाले, "संसाराचं मला माहीत नाही. मी इंजिनाबद्दल बोलतो." मीही एकदा, नव्या देशातले माझे पहिले महिने वाईट चालले असताना, त्यांना म्हटलं होतं, "काका, माझंही रनिंग-इन चाललंय म्हणायचं." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला सर्दी झाली आहे," ते म्हणाले. "काकूकडे जा, काढा घे. माणसाला इंजिन नको म्हणू. इंजिनाचाही अपमान होतो."

झेप म्हणजे त्यांचा सहकारी. बायर्नमध्ये योझेफ नावाच्या माणसाला लाडाने झेप म्हणतात. नावाचा मराठी अर्थ मी त्याला एकदा सांगितला, तर तो स्वतःच हसला, कारण झेप जागचा हलत नसे. वजन शंभराच्या वर, मिशा पांढऱ्या, आणि गाडीच्या मॅन्युअलमधलं सतरावं पान त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून आपल्या कपाटावर लावलेलं. त्या पानावर लिहिलं होतं की पेट्रोलमध्ये वेगळं तेल मिसळू नये. झेप म्हणायचा, जास्तीच्या तेलाने प्लग काळे होतात, धूर होतो, आणि टाकीत तेलाने जागा अडवली की पेट्रोल तेवढं कमी पडतं, म्हणजे इंजिन थंड राहायचं सोडून उलट तापतं.

हा वाद एकोणीस वर्षं चालू होता. दोघं दुपारी एकाच बाकावर बसून डबा खायचे, एकाचा भात नि वरण, दुसऱ्याचा पाव आणि मुळा. खाताना वाद. खाऊन झाल्यावर एकमेकांचे डबे एकमेकांना द्यायचे, धुवायला. का, ते मला कधी कळलं नाही. बहुधा वादाच्या ओघात कधीतरी अदलाबदल झाली असणार आणि मग तीच रीत पडली. आणि व्यवहारात काय व्हायचं? जी गाडी काका चालवायचे तिच्यात तेल पडायचं, जी झेप चालवायचा तिच्यात नाही. गिऱ्हाइकांची कधी तक्रार आली नाही. कोणाचंच काही अडत नव्हतं.

मग वर्कशॉपमध्ये नवा शेफ आला. जर्मनमध्ये शेफ म्हणजे साहेब.

नवा शेफ चाळिशीचा, नीटनेटका, वाईट माणूस नव्हता. त्याला प्रत्येक गाडीबरोबर गिऱ्हाइकाला द्यायला एका पानाचं सूचनापत्र हवं होतं, आणि त्याच्या तळाशी दोन्ही जुन्या मेकॅनिकांच्या सह्या. झेपने सही केली. काकांनी नाही केली. शेफने आठवड्याने पुन्हा विचारलं. काका म्हणाले, "पहिल्या टाकीत तेल घालू नये, या वाक्याखाली माझं नाव येणार नाही." तिसऱ्या वेळी शेफ म्हणाला की जानेवारी संपेपर्यंत सही झाली नाही, तर तो समजेल श्रीयुत मेश्राम यांना हे काम नको आहे. मग सुट्या भागांच्या खिडकीवर जागा आहे.

त्या संध्याकाळी काकूंनी मला वर बोलावलं. काका टेबलाशी बसले होते. समोर ते त्यांचं मापाचं पात्र, रिकामं.

"खिडकीवर बसवतो म्हणतो," काका म्हणाले. "नट द्या, बोल्ट घ्या. पंचावन्न वर्षांच्या माणसाला."

"मग सही करून टाका," मी म्हटलं. "एक वाक्य तर आहे."

"करा ना," काकू म्हणाल्या. "मी कधीपासून म्हणते."

"चूक असलं तर?" काकांनी विचारलं. "वरती डोंगरात माणूस एकटा असतो. त्याच्या हातात हे पान. खाली माझी सही."

मी टेस्टर. माझ्या धंद्यात वादाला एकच औषध असतं. मी म्हटलं, "मग करून बघा. दोन सारख्या गाड्या घ्या. एकीत घाला, एकीत नको. नंतर उघडून बघा."

काका माझ्याकडे बघतच राहिले. एकोणीस वर्षांत हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. किंवा मी आता म्हणते, की सुचलं असावं, पण दोघांनीही ते टाळलं असावं.

झेपने एका शब्दात होकार दिला, "गेनाऊ." शेफने तर आनंदाने प्रदर्शनातल्या दोन गाड्या दिल्या, एकाच दिवशी आलेल्या, अजून चालू न केलेल्या. नोंदी कोणी करायच्या? दोघांचंही ताबडतोब एकमत झालं की मी, कारण मला इंजिनातलं काही कळत नाही. आयुष्यात एवढ्या अज्ञानाची एवढी कदर माझी कधी झाली नव्हती.

शनिवारी सकाळी आम्ही वर्कशॉपमध्ये जमलो. तेल घालायच्या गाडीवर लाल पट्टी चिकटवली, न घालायच्या गाडीवर निळी. दोन्ही गाड्या स्टँडवर, मागचा पट्टा हवेत. काकांनी आपल्या पात्रात तेल मोजलं, डोळ्यासमोर धरलं, दोन थेंब परत डब्यात टाकले, आणि लाल गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळलं. झेपने निळ्या गाडीत नुसतं पेट्रोल भरलं, माझ्यासमोर टाकीचं झाकण लावलं आणि हात झटकले. मग तो निळी चालू करायला वाकला.

"हाल्ट!" काका ओरडले. आणि लगेच मराठीत, "थांब ना रे बापा!"

त्यांनी खिशातून टॉर्च काढला, निळ्या गाडीच्या इंजिनावरचं बॉनेट उचललं आणि आत प्रकाश टाकला. तेलाच्या टाकीपासून पंपापर्यंत एक पारदर्शक नळी जाते. काकांनी बोट दाखवलं. नळीत तांदळाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा होता.

 मला इंजिनातलं कळत नव्हतं, पण एवढं कळलं, की हा बुडबुडा तसाच राहिला असता तर पंपाकडे काही क्षण तेलाऐवजी हवा गेली असती. लाल गाडीला त्याने काही झालं नसतं, तिच्या पेट्रोलमध्येच तेल होतं. निळीचं मात्र काहीही होऊ शकलं असतं. म्हणजे काकांची एकोणीस वर्षांची बाजू त्या नळीत आयती येऊन बसली होती. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. झेपच्या लक्षात आलंच नव्हतं.

काकांनी पंपावरचा छोटा स्क्रू सैल केला. तेल हळूहळू आलं, बुडबुडा सरकत सरकत बाहेर पडला, मग सलग तेल यायला लागलं. स्क्रू घट्ट केला, फडक्याने पुसलं. मग लाल गाडीचीही नळी त्यांनी टॉर्च लावून बघितली. "आता कर चालू," ते झेपला म्हणाले.

झेपने टोपी काढली, परत घातली, आणि चालू केली.

मी वहीत लिहिलं, "निळी: सुरू करण्याआधी नळीत हवा. मेश्राम यांनी काढली." काकांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "हे नको लिहू," ते म्हणाले.

"टेस्टर आहे मी, काका. जे झालं ते लिहिणार."

"कदाचित काही झालंही नसतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "कदाचित."

पुढचे तीन शनिवार आम्ही एका ओळखीच्या लिफ्टवाल्याच्या बंद उतारावर घालवले. एक फेरी काका लालवर, झेप निळीवर. पुढची फेरी उलट. निम्म्यापेक्षा जास्त वेग नाही, एकसारखा वेग नाही, मध्ये मध्ये थांबून गार होऊ द्यायचं. मी खाली घोंगडीत बसून काकूंच्या थर्मासमधला चहा पीत वेळ लिहायची. झेप निळीवर बसला की काका मान तिरकी करून तिचाच आवाज ऐकत राहायचे, आजारी माणसाच्या खोलीबाहेर उभं राहून ऐकतात तसे. मी एकदा म्हटलं, "काका, ती तुमच्या विरोधी पक्षाची." ते म्हणाले, "म्हणूनच. तिच्या बाजूने टाकीत कोणीच नाही."

टाक्या संपल्या. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी दोन्ही इंजिनं उघडली. सिलिंडर काढले, पिस्टन काढले, पुसून पांढऱ्या कपड्यावर मांडले. प्लग मी मुद्दाम आधीच काढून डब्यात लपवले होते, कारण त्यांच्या रंगावरून ओळखू आलं असतं. पिस्टनच्या दोन जोड्यांखाली चिठ्ठ्या ठेवल्या, पालथ्या. आणि काकांना म्हटलं, "सांगा. तेलाची कुठली?"

काकांनी चष्मा पुसला. एकेक पिस्टन उचलला, उजेडाकडे धरला, बाजूवरून नख फिरवलं. शेफही येऊन उभा राहिला होता. पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांनी डावीकडच्या जोडीवर हात ठेवला. "ही. ही मऊ चालली आहे. बघ ना, एक ओरखडा नाही. ही माझी."

मी चिठ्ठी उलटी केली. निळी.

कोणीही हसलं नाही. उजव्या जोडीवरही ओरखडा नव्हता. दोन्ही सारख्याच चांगल्या होत्या. फरक म्हणाल तर डब्यातून प्लग काढले तेव्हा दिसला, लाल गाडीचे काजळीने काळे झाले होते, झेप म्हणायचा तसे. तेलाने काही बिघडवलं नव्हतं, आणि काही वाचवलंही नव्हतं.

मला वाटलं, झेप आता आपलं सतरावं पान घेऊन नाचेल. तो हललाच नाही. फडकं घेऊन आधीच पुसलेला पिस्टन पुन्हा पुसत बसला.

काका शेफला म्हणाले, "कागद द्या." उभ्याउभ्या सगळा वाचला. "सही करतो. पण वरती एक ओळ घाला. सुरू करण्याआधी तेलाची नळी डोळ्यांनी बघावी. हवा दिसली तर काढावी. दिसली नाही तर पुन्हा एकदा बघावी."

"पुन्हा एकदा कशाला?" शेफने विचारलं.

"माझ्यासाठी," काका म्हणाले. शेफने ती ओळ घातली. काकांनी सही केली आणि हात धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. पण मंगळवारी तळघरात काका भेटले आणि म्हणाले, "रविवारी डोंगरात एका मित्राकडे जातोय. चल. काकूही येते आहे."

काकूंनी जिन्यात मला हळूच सांगितलं, "दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत हे एकटेच जातात तिकडे. अलोइस म्हणून कोणी आहे. मला कधी नेलं नाही. यंदा आपणहून चल म्हणाले."

अलोइसचं घर गावाच्या शेवटाला, डोंगराला पाठ लावून. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, उंच, काठी टेकत, डावा पाय जरा बाहेर टाकत चालणारा. त्याने काकांना मिठी मारली नाही, हातही मिळवला नाही. फक्त म्हणाला, "उशीर केलास यंदा." काकूंना मात्र वाकून नमस्कार केला, आणि आम्हाला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. चुलीवर कॉफी, टेबलावर केक, तो बहुधा विकतचा. घरात एकच कप रोजच्या वापरातला दिसत होता, बाकीचे त्याने कपाटातून काढून धुऊन घेतले. काकूंनी शंकरपाळ्यांचा डबा उघडला.

कॉफी अर्धी झाल्यावर काका म्हणाले, "अलोइस, मला एक गोष्ट सांगायची आहे. हिलाही ऐकू दे." आणि ते जर्मनमध्येच बोलले, सावकाश, काकूंकडून एकही शब्द सुटू नये म्हणून.

काकांच्या वर्कशॉपमधल्या दुसऱ्याच हिवाळ्यात अलोइसने नवी स्नोमोबिल घेतली होती. तेव्हा तो वरती ह्युटे चालवायचा. ती गाडी काकांनी तयार करून दिली होती. पहिल्याच आठवड्यात, झाडीच्या वर, वाऱ्यात, तिचं इंजिन जाम झालं. अलोइस बर्फातून पाच तास चालत खाली आला. जीव वाचला. डाव्या पायाची तीन बोटं गेली. पुढच्या वर्षी त्याने ह्युटे सोडलं.

"मी तेव्हापासून प्रत्येक गाडीत तेल घालत आलो," काका म्हणाले. "सगळ्यांना सांगत आलो, की तेल घातलं असतं तर तसं झालं नसतं. पण तेलाचा प्रश्नच नव्हता. नळीत हवा होती. निघण्याआधी नळी बघणं हे माझं काम होतं. मी बघितली नाही. मला घाई होती. त्या दिवशी ही भारतातून यायची होती, पहिल्यांदा. मला विमानतळावर जायचं होतं."

काकूंनी कप बशीत ठेवला. 

अलोइसने काठी मांडीवर आडवी घेतली. "माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"नळीचं. झेप दवाखान्यात आला होता. त्यानेच गाडी उघडून बघितली होती ना. त्याने मला सगळं सांगितलं. आणि म्हणाला, त्या भारतीयाला एवढ्यात काही बोलू नकोस, तो नवीन आहे, त्याची बायको आताच आली आहे."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. झेपच्या हातात एकोणीस वर्षं हुकमाचा एक्का होता. रोज दुपारी, त्या बाकावर, एका वाक्यात तो वाद संपवू शकला असता. तो सतरावं पान दाखवत राहिला.

"आणि तू?" काकांनी विचारलं.  "इतकी वर्षं घरात कसा घेत राहिलास मला?"

"बोलणार होतो की," अलोइस म्हणाला. "पहिल्या वर्षी तू आलास तेव्हा दारात बर्फ साचलं होतं. तू आधी फावडं घेऊन वाट मोकळी केलीस. म्हटलं, पुढच्या वर्षी बोलू. पुढच्या वर्षी चुलीचं धुराडं गळत होतं, ते तू नीट केलंस. मग माझी बायको गेली त्या हिवाळ्यात तू दोनदा आलास." त्याने एक शंकरपाळं उचललं, बघितलं, परत ठेवलं. "मग राहूनच गेलं."

बाहेर उन्हाने कौलांवरचं बर्फ सुटून धपकन खाली पडलं. अलोइस खिडकीकडे बघत म्हणाला, "आता तुझं सांगून झालं. म्हणजे पुढच्या वर्षी येणार नाहीस का?"

 काकांनी चष्मा काढला आणि तो कुठे ठेवायचा हे त्यांना सुचेना. शेवटी काकूच बोलल्या, त्यांच्या नागपुरी जर्मनमध्ये, "पुढचं वर्ष लांब आहे. आम्ही ईस्टरला येतो. दोघंही."

"मग दुपारी या," अलोइस म्हणाला. "म्हणजे जेवता येईल." आणि त्याने ते शंकरपाळं पुन्हा उचलून खाल्लं.

परतताना काका गाडी चालवत होते, काकू शेजारी, मी मागे. अर्ध्या तासाने मोठा रस्ता लागला. मग काकू म्हणाल्या, "अहो."

"हं."

"त्या दिवशी माझं विमान तीन तास लेट होतं ना?"

 पुढे ट्रक होता, त्याच्या मागे काकांनी वेग कमी केला. "होतं," ते म्हणाले.

"मग तुम्ही तीन तास काय केलंत?"

"काय करणार? उभा होतो. तो बोर्ड असतो ना, विमानं उतरली ते दाखवणारा. त्याच्याखाली." मग म्हणाले, "वाटलं, बाजूला झालो आणि तू बाहेर आलीस, तर तुला ओळखीचं कोणीच दिसायचं नाही."

 काकांच्या मफलरचं एक टोक कोटाबाहेर लोंबत होतं. ते काकूंनी आत खोचलं, आणि हात तिथेच ठेवला.